लढाईची गती कोणाच्या मापाने ठरावी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर एक वाद झाला आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. कापसाची वेचणी सुरू होती, सोयाबीन घरात येऊन पडले होते आणि पुण्या-नागपूरला शिकायला गेलेली मुले चार दिवसांसाठी गावी आली होती. अशा दिवसांत संध्याकाळी ती मुले आणि गावातच राहिलेले त्यांचे जुने वर्गमित्र एकत्र बसून ऑनलाईन भूमिका-खेळ खेळतात. ज्यात हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात आपापले पात्र घेऊन वावरतात, शस्त्रे मिळवतात आणि टोळी करून राक्षसांशी किंवा एकमेकांशी लढतात, त्या प्रकारचे हे खेळ आहेत. मीही त्यांच्याबरोबर खेळतो. वाद होता तो लढाईच्या रचनेचा. शहरातून आलेल्यांचे म्हणणे असे की शत्रूवर बोट ठेवून आळीपाळीने कौशल्ये दाबण्याची जुनी पद्धत आता मेलेली आहे. लढाई चपळ हवी, नेम आपण धरायचा, वार आला की आपणच उडी मारून चुकवायचा. गावातल्या मुलांचे म्हणणे त्याहून साधे होते. एक जण म्हणाला, ‘‘सर, मी बरोबर वेळेवर दाबलं होतं, तरी मेलो.’’

पहिली बाजू आवडीबद्दल बोलत होती आणि दुसरी बाजू घडलेल्या गोष्टीबद्दल. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांपर्यंत मात्र पहिल्या प्रकारचे मतच मोठ्या आवाजात पोहोचते, आणि त्यावरून ज्या रचना उभ्या राहतात त्यांत दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूला जागा उरत नाही, अशी माझी तक्रार आहे. ती नीट मांडायची तर लढाईची गती मोजतात कशी, इथून सुरुवात करावी लागेल.

२००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने जी चौकट रूढ केली तीत एक कौशल्य वापरले की बहुतेक इतर कौशल्ये साधारण दीड सेकंद बंद राहतात. याला खेळाडू ‘ग्लोबल कूलडाउन’ म्हणतात. २०१३ साली नव्याने उभ्या केलेल्या ‘फायनल फँटसी चौदा’मध्ये हेच अंतर मुळात अडीच सेकंदांचे आहे. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’मध्ये सगळे जग ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालते. तुम्ही ठोक्याच्या सुरुवातीला दाबा की शेवटी, हिशेब पुढच्या ठोक्याला होतो. याच्या उलट बाजूला ‘टेरा’, ‘ब्लॅक डेझर्ट’, २०२१ चे ‘न्यू वर्ल्ड’ असे खेळ आले, ज्यांत नेम, अंतर आणि चपळाई यांवर सारे अवलंबून असते. ‘गिल्ड वॉर्स २’ मधली बचावाची कोलांटी जेमतेम पाऊण सेकंद संरक्षण देते. शहरातली मुले ज्याला ‘जिवंत लढाई’ म्हणतात ती ही.

आता याच गोष्टीकडे गणिताच्या शिक्षकाच्या नजरेने पाहू. समजा राक्षस हात उगारतो आणि अर्ध्या सेकंदाने वार करतो. वार लागला की नाही याचा निवाडा दूरच्या सर्व्हरवर होतो. हात उगारल्याचे दृश्य माझ्या फोनवर यायला वेळ लागतो, ते पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि माझी आज्ञा परत सर्व्हरकडे जायलाही वेळ लागतो. जाण्यायेण्याचा एकूण वेळ म्हणजे पिंग. तो ४० मिलिसेकंद असेल तर २० अधिक २५० अधिक २०, म्हणजे २९० मिलिसेकंदांत आज्ञा पोहोचली. दोन दशांश सेकंद हाताशी राहिले. आमच्याकडे रात्री नऊनंतर पिंग ३०० दिसणे नवलाचे नाही. तेव्हा १५० अधिक २५० अधिक १५०, म्हणजे ५५० मिलिसेकंद झाले. वार ५०० ला पडून गेला. दोन्ही मुलांची नजर तितकीच तीक्ष्ण आहे, दोघांची बोटे तितकीच चपळ आहेत, आणि तरी एक जगला व दुसरा मेला. ‘‘वेळेवर दाबलं होतं’’ हे त्या मुलाचे वाक्य शब्दशः खरे होते.

यावर ‘नेटवर्क सुधारेल’ असे उत्तर लगेच मिळते. ते सुधारले आहेच. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला नसता तर ही मुले या खेळांपर्यंत पोहोचलीच नसती. पण काही अंतरे सुधारत नाहीत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नागपूरहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. म्हणजे तारेत एकही वळण नसते तरी जाऊन येण्यात ३५ मिलिसेकंद गेलेच असते. प्रत्यक्षात संदेश आधी मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यापर्यंत जातो आणि तिथून समुद्राखालच्या केबलने पुढे सरकतो. सर्व्हर युरोपात असेल तर हे अंतर जवळपास दुप्पट होते. आणि या हिशेबात गावाच्या टोकाचा टॉवर, वीज गेल्यावर त्याचा बसणारा दम, झड लागली की तासन्‌तास डळमळणारा सिग्नल, यांतले काहीच धरलेले नाही. आमच्याकडची कितीतरी मुले हिवाळ्यात रात्री वावरात जागलीला जातात, कारण रानडुकरे आणि रोही एका रात्रीत तुरीचे उभे पीक लोळवतात. मचाणावर बसून जागे राहायचे तर हातात फोन असतो, आणि फोनमध्ये सिग्नलच्या दोन काड्या असतात. त्यांचा खेळण्याचा वेळ तोच आणि जागाही तीच असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की जगभरच्या माणसांना एका जगात आणणाऱ्या खेळाने लढाईची गती सर्वांत चांगल्या जोडणीच्या मापाने ठरवू नये. खेळाडूच्या निर्णयाला लागणारा वेळ हे माप धरावे आणि जोडणीतला फरक त्या मापाच्या आत जिरेल अशी रचना करावी.

संथ लढाई म्हणजे उथळ लढाई, हा समज इथे आड येतो. तो खोडून काढायला मला ‘रुनस्केप’मधल्या जॅड नावाच्या राक्षसाइतके चांगले उदाहरण माहीत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायला एकामागून एक ६२ लाटा एकट्याने पार कराव्या लागतात. तो लांबून दोन प्रकारांनी मारतो, बाणविद्येने आणि जादूने, आणि प्रत्येकावर वेगळी संरक्षक प्रार्थना चालू करावी लागते. खेळाडूची प्राणशक्ती जास्तीत जास्त ९९ असते आणि जॅडचा एक घाव ९७ पर्यंत जाऊ शकतो. तो दर आठ ठोक्यांनी, म्हणजे ४.८ सेकंदांनी, मारतो. मारण्याआधी त्याच्या देहाची ठेवण बदलते, आणि ती पाहून योग्य प्रार्थना लावायला पुरेसा अवधी मिळतो. आकड्यांत ही लढाई अतिशय मंद आहे. पण ती पहिल्यांदा लढणाऱ्या मुलाचे हात मी थरथरताना पाहिले आहेत. मध्येच त्याचे बरे करणारे साथीदार येतात, त्यांना आपल्याकडे ओढायचे, औषध प्यायचे, आणि हे सगळे त्या ४.८ सेकंदांच्या लयीत बसवायचे. तिथे हरलेला मुलगा ‘नेटवर्क’ म्हणत नाही. ‘मी घाबरून चुकीची प्रार्थना लावली’ असे म्हणतो. आपल्या चुकीची जबाबदारी खेळाडूला स्वतःहून घ्यावीशी वाटते, हे माझ्या लेखी चांगल्या लढाईचे पहिले लक्षण आहे.

चपळ लढाईच्या बाजूने जे बोलतात त्यांचे सगळेच चुकीचे आहे असे मी मानत नाही. जुन्या पद्धतीत पंधरा-वीस बटणांचा ठरलेला क्रम पाठ करायचा आणि तो घोकत राहायचा, यात विचार कमी आणि सवय जास्त, ही त्यांची टीका बरोबर आहे. एक जण मार झेलणारा टँक, एक जण बरे करणारा हीलर आणि बाकीचे मारणारे, या त्रिकुटाचाही त्यांना कंटाळा आला आहे, कारण टँक आणि हीलर मिळेपर्यंत ताटकळावे लागते. ‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२ साली नेमके हेच ऐकून स्वतंत्र हीलर काढून टाकला आणि प्रत्येकाने स्वतःला वाचवावे अशी रचना केली. पण काही काळाने वेगळीच तक्रार पुढे आली, की प्रत्येक जण आपापला लढतो आहे आणि एकमेकांची गरज राहिलेली नाही. २०१५ साली त्या खेळात मोठ्या सांघिक चढाया आल्या आणि त्यांच्यासोबत झेलणारा व बरे करणारा या भूमिकाही परतल्या. ताटकळत बसण्याचा त्रास खरा होता. त्यावर सुचवलेला उपाय मात्र लागू पडला नाही, कारण हीलर ही नुसती सोय नसते. आमच्या टोळीत ज्याचा फोन सर्वांत जुना आणि जोडणी सर्वांत कमकुवत आहे तो मुलगा हीलर होतो, कारण कोणाला केव्हा जपायचे याचा अंदाज त्याला दोन सेकंद आधी येतो. भूमिका काढून टाकली की त्या मुलाची टोळीतली जागाही जाते.

खेळाडूंचे मत कसे ऐकावे, हा प्रश्न इथून अवघड होत जातो, आणि त्याचा इतिहास बोलका आहे. ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’ या खेळाने २००५ च्या नोव्हेंबरात सगळी लढाई उलथून टाकली. तीसहून अधिक व्यवसायांच्या जागी नऊ ठेवले आणि नेम धरून मारण्याची तडफदार पद्धत आणली. नवे खेळाडू यावेत हा हेतू होता. ज्यांनी दोन वर्षे आपले पात्र घडवले होते ते मोठ्या संख्येने निघून गेले, आणि २०११ साली तो खेळ बंद झाला. ‘रुनस्केप’नेही २०१२ च्या नोव्हेंबरात आपली संथ लढाई बदलून कौशल्यांच्या पट्टीवर चालणारी नवी लढाई आणली. त्या वेळी इतका असंतोष उसळला की कंपनीने सुमारे तीन महिन्यांत, फेब्रुवारी २०१३ मध्ये, खेळाडूंचे मतदान घेऊन २००७ सालची जपून ठेवलेली प्रत पुन्हा उघडली. जुना म्हणून टाकलेला तो खेळ, म्हणजेच ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’, आज मूळ खेळापेक्षा अधिक लोक खेळतात, आणि २०१८ पासून तो फोनवरही चालतो.

तिथे मोठे बदल खेळाडूंच्या कौलाने होतात. आधी ७५ टक्के संमती लागे, २०२२ पासून ७० टक्के लागते. ही पद्धत मला मनापासून आवडते, आणि तरीही तिच्यात एक उणीव आहे. ज्या धोकादायक भागात खेळाडू एकमेकांना मारू शकतात तिथल्या लढाईच्या सुधारणा तिथे कधी न जाणाऱ्यांच्या मतांनी वर्षानुवर्षे पडत राहिल्या. जोडणीचेही तसेच होते. ज्याला लॅग, म्हणजे जोडणीतला उशीर, कधी लागलेलाच नाही त्याला लॅगवरचा उपाय विचारला तर तो नकार देईल; त्यात दुष्टावा नसतो, त्याला तो त्रास ठाऊकच नसतो. शिवाय कौल इंग्रजीत असतो आणि चर्चाही इंग्रजीतच चालते. आमच्या मुलाला लढाई न पटली तर तो लांबलचक पत्र लिहीत नाही, खेळ काढून टाकतो. त्याचे ते मत कंपनीच्या दप्तरी ‘खेळाडू गेला’ एवढ्याच नोंदीने राहते, का गेला ते कोणी विचारत नाही.

नियम बदलताना कमकुवत बाजूचा विचार करता येतो, हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्या काळी चढाई एका दमाची होती. आज ती घड्याळाच्या ३० सेकंदांची आहे. बचावाचे सहा किंवा अधिक खेळाडू मैदानात असतील तरच चढाई करणाऱ्याला बोनस रेषेचा गुण मिळतो. उलट बचावाचे तीन किंवा त्याहून कमी उरले असतील आणि त्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण जास्त मिळतो. संख्येने कमी पडलेल्या संघालाही शेवटपर्यंत लढण्यासारखे काही असावे, एवढ्यासाठी हा नियम आहे. त्याने कबड्डी बोथट झाली असे आमच्या गावात कोणी म्हणत नाही. उलट तीन जण उरले की पारावरची माणसे उठून मैदानाकडे सरकतात. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली तेव्हा मात्र मातीत घडलेल्या मुलांना आपले पायच परके वाटू लागले, कारण मॅट त्यांच्या गावात नव्हती. आपल्या खेळाच्या रचनेतला कोणता बदल जोर वाढवणारा आहे आणि कोणता बदल नुसता मॅट घालणारा आहे, हे ऑनलाईन खेळ घडवणाऱ्यांनी प्रत्येक वेळी तपासावे अशी माझी अपेक्षा आहे.

ही अपेक्षा अवास्तव नाही, कारण उपाय हाताशी आहेत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये कूलडाउन संपण्याच्या ४०० मिलिसेकंद आधी दाबलेली आज्ञा सर्व्हर रांगेत ठेवतो. ३०० पिंगचा मुलगा थोडे आधी दाबतो आणि त्याचा वार शहरातल्या मुलाच्या बरोबरीने पडतो. एवढ्या छोट्या सवलतीने आमच्या गावापासूनचे सारे अंतर भरून निघते. ‘फायनल फँटसी चौदा’मध्येही अशी रांग आहे, पण तिथे प्रत्येक कौशल्यानंतर पात्र क्षणभर अडकते आणि सर्व्हरची पोच येईपर्यंत सुटत नाही, त्यामुळे दोन मुख्य वारांच्या मध्ये दोन लहान कौशल्ये बसवणे जवळच्या खेळाडूला जमते, दूरच्याला जमत नाही. याविषयी खेळाडू वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. ‘अल्बियन ऑनलाईन’ २०२१ पासून फोनवर चालते, संगणकवाले आणि फोनवाले एकाच जगात असतात, आणि लढाईची मुख्य कौशल्ये सहाच असतात: तीन शस्त्राची आणि चिलखत, शिरस्त्राण व जोडे यांचे प्रत्येकी एक. सहा बटणे अंगठ्याखाली मावतात. विचार करावा लागतो तो लढाईआधी, काय घालून निघायचे याचा. २०२३ साली या खेळाने आशियासाठी स्वतंत्र सर्व्हर उघडला, तेव्हा आमच्या मुलांना एखादे नवे शस्त्र मिळाल्यापेक्षा अधिक आनंद झाला.

२०२५ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने एकच बटण दाबत राहिले तरी योग्य कौशल्ये क्रमाने वापरली जातील अशी सोय दिली, आणि तिच्या बदल्यात कूलडाउन किंचित लांबवला. कसलेल्या खेळाडूंपैकी काहींना हा कौशल्याचा अपमान वाटला. मला ती न्याय्य तडजोड वाटते. ज्याचे बोट अधू आहे, ज्याचा फोन अडखळतो किंवा जो पन्नाशीला आला आहे त्याला टोळीत बसता येते, आणि ज्याने क्रम आत्मसात केला आहे त्याची सरशीही टिकते.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. जोडणीचा फरक जिरवायचा म्हणून निवाडा खेळाडूच्या फोनवर सोपवला, तर फसवणुकीला दार उघडते; फोनमधला आकडा बदलून कोणीही अमर होईल. म्हणून निवाडा सर्व्हरवरच राहावा, हे मला मान्य आहे. मी वेळ मागतो आहे, निवाड्याचा अधिकार मागत नाही. वाराची चाहूल अर्ध्याऐवजी एक सेकंद आधी द्या आणि त्या एका सेकंदात एकाऐवजी दोन पर्याय ठेवा, म्हणजे कठीणपणा कमी होत नाही. बोटावरचा भार डोक्याकडे जातो.

‘खेळच तर आहे’ म्हणून हा प्रश्न बाजूला सारणाऱ्यांना एवढेच सांगतो की २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाईन खेळांसंबंधी कायदा केला. त्यात पैशाच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता मिळाली. स्पर्धा, बक्षिसे, निवड हे सारे आता उघडपणे येणार आहे. ज्या स्पर्धेत कास्तकाराचा मुलगा पिंगमुळे पहिल्याच फेरीत बाद होतो तिला राज्याची स्पर्धा म्हणायचे का, हे शासनालाही ठरवावे लागेल.

त्या दिवाळीच्या वादानंतर आम्ही एक वही घातली आहे. कोणीही मेला की त्याने तारीख, वेळ, पडद्यावर दिसलेला पिंग, शत्रूने दिलेली चाहूल आणि आपण काय दाबले, एवढे लिहायचे. सुरुवातीला मुले प्रत्येक मरण नेटवर्कवर घालत होती. आता शेजारच्या रकान्यात ‘चाहूल दिसली नाही’, ‘दिसली पण कळली नाही’, ‘कळली पण आज्ञा उशिरा गेली’ असे वेगवेगळे शेरे येऊ लागले आहेत, आणि शहरातून आलेली मुलेसुद्धा परत जाताना आपापल्या नोंदी त्यात करून गेली. परीक्षा संपल्या की ती वही इंग्रजीत उतरवून, पिंगच्या आकड्यांसह, ज्या दोन खेळांत आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो त्यांच्या निर्मात्यांना पाठवायची असे ठरले आहे. जागलीला जाणाऱ्या मुलाच्या नोंदी सर्वांत आधी येतील, कारण पाने त्याचीच सर्वांत जास्त भरली आहेत.